आयनिक द्रवाचा गेट काढला तरी व्हॅनेडियम डायऑक्साइडचा रोध पूर्ववत होत नाही : हा प्रभाराचा परिणाम की रसायनाचा?

पातळ_थर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूर येथे भौतिकशास्त्रात पीएच.डी.साठी काम करणारी विद्यार्थिनी असून व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या पातळ थरांचे गुणधर्म विद्युत्-क्षेत्राने बदलणे हा माझा विषय आहे. हा पदार्थ खोलीच्या तापमानाला अर्धसंवाहक असतो आणि ६७ अंश सेल्सिअसच्या आसपास एकाएकी धातूसारखा वागू लागतो. बेल प्रयोगशाळेतील मॉरिन यांनी १९५९ मध्ये हे संक्रमण नोंदवले. तापमान न वाढवता, केवळ गेटच्या (थराशी थेट न जोडलेल्या नियंत्रक इलेक्ट्रोडच्या) व्होल्टेजने ते सरकवता येते का, हे मला तपासायचे आहे.

मांडणी अशी आहे. सफायरच्या सबस्ट्रेटवर स्पंदित लेझरने बसवलेला २० नॅनोमीटर जाडीचा थर, त्यातून कोरलेली १ मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद पट्टी, चार टोकांचे मापन करण्यासाठी सोन्याचे संपर्क, पट्टीवर डीईएमई-टीएफएसआय या आयनिक द्रवाचा (केवळ आयनांच्या बनलेल्या द्रवरूप क्षाराचा) लहान थेंब आणि त्या थेंबात टेकवलेला प्लॅटिनमचा पत्रा हा गेट. गेटला अधिक २.५ व्होल्ट दिले की पट्टीचा रोध प्रथम किंचित घटतो आणि त्यानंतर अर्धा तास हळूहळू घटतच राहतो. शेवटी तो मूळ रोधाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यावर येतो आणि ६७ अंशांजवळची उडी जवळजवळ पुसली जाते. गेट शून्यावर आणला तरी रोध तसाच राहतो; रात्रभर ठेवूनही फरक पडत नाही. उणे २.५ व्होल्ट दिल्यावर मात्र तो बराचसा परत चढतो. या काळात गेटमधून वाहणारा प्रवाह, सुरुवातीचा झटका ओसरल्यावर, ५० नॅनोअँपिअरच्या आसपास स्थिर असतो.

एक गोष्ट मला विशेष खटकते. मे महिन्यात हाच परिणाम फार संथ दिसत होता. पावसाळा सुरू झाल्यापासून तोच थर, तीच बाटली आणि तेच व्होल्टेज असूनही तो लवकर आणि जास्त दिसतो. माझ्या मार्गदर्शकांच्या मते हा स्थिरविद्युत परिणाम आहे, म्हणजे पृष्ठभागावर जमलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे वाहकांची घनता वाढून संक्रमण दबते. प्रबंधातील प्रकरणाचे शीर्षकही त्यांनी तसेच सुचवले आहे. मला मात्र खात्री वाटत नाही. थरातून ऑक्सिजन बाहेर जात असेल किंवा बाहेरून काही आत शिरत असेल, तर ते कसे ओळखावे? आमच्याकडे साधा निर्वात कक्ष, क्ष-किरण विवर्तन आणि रामन वर्णपटमापक एवढीच साधने आहेत.

---

धंतोलीकर

आपण दिलेल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. फक्त प्रभाराचा जमाखर्च मांडावा लागेल.

अधिक गेटमुळे आयनिक द्रवातील धन आयन थराच्या पृष्ठभागाशी दाटतात आणि त्यांच्यासमोर, थराच्या आतल्या बाजूला, इलेक्ट्रॉन जमतात. या दोन पडद्यांच्या जोडीला द्विस्तर म्हणतात. त्यांच्यातील अंतर सुमारे १ नॅनोमीटर असल्यामुळे तेथील क्षेत्र दर सेंटीमीटरला एक कोटी व्होल्टच्या वर जाते आणि धारिता साधारणपणे दर चौरस सेंटीमीटरला १० मायक्रोफॅरड भरते. सिलिकॉन डायऑक्साइडच्या नेहमीच्या गेटने दर चौरस सेंटीमीटरला १०^१३ इलेक्ट्रॉन जमवताना दमछाक होते, तेथे आयनिक द्रवाने १०^१४ सहज जमतात. या पद्धतीचे सारे आकर्षण यातच आहे. २००८ मध्ये जपानमधील संशोधकांनी पॉलिमर इलेक्ट्रोलाइट वापरून स्ट्राँशियम टायटनेटमध्ये, कोणतेही रासायनिक डोपिंग न करता, ०.४ केल्व्हिनजवळ अतिसंवाहकता आणली, ती याच बळावर.

आता आपली पट्टी घेऊ. तिचे क्षेत्रफळ ०.००५ चौरस सेंटीमीटर आहे. १० मायक्रोफॅरड गुणिले २.५ व्होल्ट म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २५ मायक्रोकुलोम, आणि आपल्या पट्टीपुरते पाहिले तर जेमतेम ०.१२ मायक्रोकुलोम. द्विस्तर भरायला एवढाच प्रभार लागतो, आणि तो सुरुवातीच्या झटक्यातच जाऊन पोहोचतो. त्यानंतर ५० नॅनोअँपिअरचा प्रवाह अर्धा तास वाहिला, तर ९० मायक्रोकुलोम होतात, म्हणजे द्विस्तराच्या गरजेच्या सातशे पटींहून अधिक. हा उरलेला प्रभार कुठे तरी खर्च झाला, आणि स्थिरविद्युत चित्रात त्याला जागाच नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे ३.४ गुणिले १०^२२ व्हॅनेडियम अणू असतात. आपल्या पट्टीत ते ३.४ गुणिले १०^१४ भरतात. द्विस्तराने जमवलेले इलेक्ट्रॉन संपूर्ण जाडीत समान वाटले, तरी दर चारशे-साडेचारशे व्हॅनेडियममागे एक इलेक्ट्रॉन येतो. प्रत्यक्षात ते पृष्ठभागाच्या एक-दोन नॅनोमीटरमध्येच अडकतात, कारण त्यांच्या पडद्यामुळे क्षेत्र आत शिरत नाही. एवढ्याने २० नॅनोमीटरच्या संपूर्ण थरातील संक्रमण पुसले जाणे अवघड आहे. याउलट थरातील ऑक्सिजनपैकी केवळ १ टक्का बाहेर गेला आणि प्रत्येक रिक्त जागेने २ इलेक्ट्रॉन मागे ठेवले, तर दर १०० व्हॅनेडियममागे ४ इलेक्ट्रॉन मिळतात, आणि तेही संपूर्ण जाडीत. ९० मायक्रोकुलोमच्या हिशेबात हे सहज बसते.

अर्थात गेटमधला सारा प्रवाह थरातच खर्च झाला, असे मी म्हणत नाही. त्यातील मोठा भाग द्रवातील अशुद्धींच्या विघटनात आणि सोन्याच्या उघड्या संपर्कांवर गेला असेल. म्हणून प्रथम संपर्कांवर कडक भाजलेल्या फोटोरेझिस्टचा थर द्यावा आणि फक्त पट्टी उघडी ठेवावी. चांदीचा लेप कुठेही द्रवाला लागू देऊ नये. उणे गेटच्या फेरीत चांदी विरघळते आणि दुसरीकडे जाऊन बसते. असे केले की जो प्रवाह उरेल, तो थराशी संबंधित असण्याची शक्यता बरीच वाढेल.

---

अंबाझरी_काठ

धंतोलीकर यांचा हिशेब योग्य आहे. मी मे आणि जुलै यांतील फरकाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडच्या हवेत या प्रयोगांचे अर्धे भवितव्य तेथेच ठरते.

टीएफएसआय गटातील आयनिक द्रव पाण्यात मिसळत नाहीत, म्हणून ते पाणी ओढत नाहीत असा समज होतो. प्रत्यक्षात दमट हवेत उघडे ठेवले, तर ते वजनाच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतके पाणी सहज शोषतात. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे असतो तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब असते. आपली बाटली तीच असली, तरी बाटलीतला द्रव आता तोच राहिलेला नाही.

हे पाणी किती महत्त्वाचे, ते आकड्यांनीच पाहू. १ मायक्रोलिटरचा थेंब सुमारे दीड मिलिग्रॅम भरतो. त्यात हजारावा हिस्सा पाणी असेल, तर पाण्याचे रेणू ५ गुणिले १०^१६ होतात, म्हणजे आपल्या पट्टीतील व्हॅनेडियम अणूंच्या जवळजवळ दीडशे पट. पाणी १.२३ व्होल्टच्या पुढे विघटित होऊ शकते आणि आपण २.५ व्होल्ट देत आहात. शुद्ध द्रव एवढे व्होल्टेज सोसू शकतो. त्यातले पाणी सोसत नाही. त्यातून सुटलेले प्रोटॉन (हायड्रोजनचे धन आयन) अधिक गेटच्या दाबाने थरात शिरतात, त्यांच्यामागे इलेक्ट्रॉन येतात आणि ऑक्सिजनचा एकही अणू बाहेर न जाता रोध घटतो. व्हॅनेडियम डायऑक्साइडमध्ये हायड्रोजन थोडा शिरला की धातूपणा येतो. फार शिरला, दर व्हॅनेडियममागे एकपर्यंत, की पदार्थ पुन्हा विसंवाहक होतो. तेव्हा अधिक गेट जास्त वेळ ठेवल्यास रोध आधी घटून मग वाढू लागतो का, हे अवश्य पाहावे. तसे दिसले, तर तो प्रोटॉनचा मोठा पुरावा ठरेल.

द्रव सुकवण्यासाठी तो निर्वातात, ढवळत, १०० ते १२० अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवावा आणि थेंब टाकल्यानंतरही थरासह कक्षात पुन्हा काही तास उपसावा. दुसरा टप्पा बहुतेक जण टाळतात, आणि सुकवलेला द्रव पावसाळी हवेतून नेऊन थरावर टाकतात. मग सुकवण्याला काही अर्थ उरत नाही. कोरडी पेटी (कोरड्या वायूने भरलेली, हातमोज्यांतून काम करण्याची बंद पेटी) नसेल, तर आयनिक जेल सोयीचे पडते. पीव्हीडीएफ-एचएफपी हे पॉलिमर, आयनिक द्रव आणि ॲसिटोन वजनाने १ : ४ : ७ या प्रमाणात घेऊन ओतावे, ७० अंशांच्या आसपास निर्वातात वाळवावे आणि झालेल्या पापुद्र्याचा तुकडा कापून थरावर चिकटवावा. मात्र डीईएमई ऐवजी ईएमआयएम-टीएफएसआय घ्यावे लागेल, कारण ही कृती त्या द्रवासाठी बसवलेली आहे.

एक इशारा देतो. द्रव उत्तम सुकवून त्यातील पाणी दशलक्षात ५० भागांपर्यंत खाली आणले, तरी त्या मायक्रोलिटरभर थेंबात पाण्याचे अडीच गुणिले १०^१५ रेणू उरतात, म्हणजे पट्टीतील व्हॅनेडियमच्या सातपट. म्हणून ‘द्रव सुकवला होता, त्यामुळे प्रोटॉनचा प्रश्नच नाही’ असे विधान कोणी करत असेल, तर ते स्वीकारू नये. सुकवल्याने दर मंदावतो. शक्यता मिटत नाही.

---

पातळ_थर

दोघांचेही मनापासून आभार. गेटच्या प्रवाहाचे समाकलन करून पाहावे, हे मला सुचले नव्हते. आता जुन्या नोंदींवरून ते काढता येईल.

माझ्या मार्गदर्शकांचा आधार २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जपानी निबंधाचा आहे. त्यात पृष्ठभागावर जमलेल्या प्रभारामुळे व्हॅनेडियम डायऑक्साइडच्या संपूर्ण जाडीतील इलेक्ट्रॉन एकत्रितपणे मुक्त होतात, असे म्हटले आहे. संक्रमणच सामुदायिक असेल, तर पृष्ठभागावरची ठिणगी आतपर्यंत पसरू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि मला तो एकदम फेटाळता येत नाही. शिवाय रसायनच घडत असेल, तर माझे संपूर्ण प्रकरण निकालात निघते का, अशी भीतीही वाटते.

---

सक्करदरा_विद्युत्_रसायन

शेवटच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण ती निराधार आहे आणि आपल्या भागातील अनेक विद्यार्थ्यांना ती छळते. ऑक्साइडच्या थरातील आयन गेटने हलवणे हे आज स्वतंत्र आणि अतिशय फलदायी क्षेत्र आहे. टंगस्टन ऑक्साइडमध्ये प्रोटॉन किंवा लिथियम घालून त्याचा रंग पालटणे हे सत्येन देब यांच्या १९६९ च्या कामापासून चालत आले आहे. रंग बदलणाऱ्या खिडक्यांमागे तेच रसायन आहे. २०१७ मध्ये बीजिंगच्या चिंग्हुआ विद्यापीठातील गटाने स्ट्राँशियम कोबाल्ट ऑक्साइडचा थर आयनिक द्रवाखाली ठेवून एका दिशेच्या व्होल्टेजने त्यात ऑक्सिजन भरला, दुसऱ्या दिशेने हायड्रोजन भरला आणि तीन वेगळे पदार्थ एकमेकांत उलटसुलट बदलता येतात, हे दाखवले. त्यांतला एक लोहचुंबकीय धातू आहे, एक प्रतिलोहचुंबकीय विसंवाहक आहे आणि तिसरा, हायड्रोजन असलेला, क्षीण चुंबकत्व असलेला विसंवाहक आहे. ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही त्यांना द्रवात उरलेल्या पाण्यातूनच मिळाले. म्हणजे अंबाझरी_काठ ज्या पाण्याबद्दल सावध करतात, त्याच पाण्याला त्या गटाने कामाला लावले. शिवाय गेट काढल्यावरही अवस्था टिकते, हा आपल्याला दोष वाटणारा गुण स्मृती-उपकरणांसाठी हवाहवासा आहे. प्रकरण निकालात निघत नाही. त्याचे शीर्षक तेवढे बदलावे लागेल, आणि ते मोजमापाने सिद्ध करावे लागेल.

आता २०१२ च्या निबंधाबद्दल. आपल्या मार्गदर्शकांचा युक्तिवाद आदराने ऐकण्यासारखा आहे आणि त्या काळी तो अनेकांना पटला होता. परंतु २०१३ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेतील स्टुअर्ट पार्किन यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये याच पदार्थावर, आयनिक द्रवाखालीच, वेगळा निष्कर्ष मांडला. त्यांनी संक्रमण ५ केल्व्हिनपर्यंत दाबून टाकले, द्रव धुऊन काढल्यावरही धातू-अवस्था टिकते हे दाखवले, आणि मुख्य म्हणजे कक्षात ऑक्सिजन वायू भरला असता तोच परिणाम दबतो, हेही दाखवले. ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचा माग काढून तो थरात शिरल्याची खूणही त्यांनी दिली. निव्वळ स्थिरविद्युत परिणामाला भोवतालच्या वायूत ऑक्सिजन आहे की नाही, याच्याशी काही देणेघेणे नसावे. सामुदायिक संक्रमणाचा युक्तिवाद येथे अडतो : पृष्ठभागावरची ठिणगी आत पसरली असे मानले, तरी गेट काढल्यावर ती विझायला हवी आणि ऑक्सिजनने तिला अडवू नये. आपला थर गेट काढल्यावर रात्रभर तसाच राहतो, हे आपणच लिहिले आहे.

आपल्याकडे निर्वात कक्ष आहे, म्हणून मी पहिला प्रयोग हाच करीन. एकाच थरातून कापलेल्या पट्ट्या घ्याव्यात. एकीवर निर्वातात गेट द्यावा, दुसरीवर कोरड्या नायट्रोजनमध्ये आणि तिसरीवर कोरड्या ऑक्सिजनमध्ये. व्होल्टेज, तापमान आणि वेळ सारखे ठेवावेत. ऑक्सिजनमध्ये परिणाम स्पष्टपणे दबला, तर थरातून ऑक्सिजन निघून जात होता असे म्हणायला आधार मिळतो. तिन्हींत सारखाच राहिला, पण मुद्दाम पाण्यातून बुडबुडत नेलेल्या नायट्रोजनमध्ये वाढला, तर संशय प्रोटॉनकडे वळवावा. या प्रयोगात एक फसवी जागा आहे. द्रवात विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच थराच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन घेऊन सुपरऑक्साइड होतो, आणि त्यामुळे गेटचा प्रवाह वाढतो. म्हणून ऑक्सिजनमधल्या फेरीत प्रवाहाचा जमाखर्च नायट्रोजनमधल्या फेरीशी थेट ताडून पाहू नये. तेथे रोधाकडे पाहावे, प्रवाहाकडे नव्हे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. दोन बिंदूंच्या व्होल्टेजवर विसंबू नये. द्रवात तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड ठेवावा. आपण दिलेले २.५ व्होल्ट गेटच्या आणि थराच्या अशा दोन पृष्ठभागांत वाटले जातात. गेटचा पत्रा पट्टीच्या मानाने लहान असेल, तर बरेचसे व्होल्टेज गेटपाशीच खर्च होते आणि थराला किती मिळाले, हे कळत नाही. पत्रा शक्य तितका मोठा घ्यावा आणि प्लॅटिनमची बारीक तार संदर्भासाठी पट्टीजवळ आणावी.

---

धंतोलीकर

सक्करदरा यांच्या मांडणीत एक पुरवणी जोडतो, कारण या विषयातील लिखाणात ‘सारे रसायनच’ असा दुसऱ्या टोकाचा सूर हल्ली ऐकू येतो आणि तोही खरा नाही. मिनेसोटातील ख्रिस लेटन यांच्या गटाने स्ट्राँशियमयुक्त लँथॅनम कोबाल्टाइटच्या अतिपातळ थरांवर आयनिक जेलने २०१६ च्या सुमारास केलेल्या कामात दोन दिशांनी दोन वेगळ्या गोष्टी घडताना दाखवल्या : उणे गेटने छिद्रे (इलेक्ट्रॉनच्या अभावाने बनलेले धन प्रभारवाहक) जमतात, तो परिणाम स्थिरविद्युत असतो आणि गेट काढला की जातो, अधिक गेटने मात्र ऑक्सिजनच्या रिक्त जागा तयार होतात. अधिक गेटकडे जाणारे क्षेत्र ऑक्साइडमधील ऋण ऑक्सिजनला बाहेर ओढते, उणे गेट त्याला आत ढकलतो, हे लक्षात घेतले की ही विषमता समजते. २०११ मध्ये ब्रूकहेवनच्या गटाने लँथॅनम-स्ट्राँशियम क्युप्रेट या तांब्याच्या ऑक्साइडच्या थरात अतिसंवाहकता ते विसंवाहकता असा प्रवास आयनिक द्रवाने घडवला, तेव्हा संक्रमणाच्या ठिकाणी चौकोनामागचा रोध (थराच्या एका चौरस तुकड्याचा रोध) ६.४५ किलोओहमजवळ आढळला. एवढे नेमके मापन सूक्ष्म नियंत्रणाशिवाय होत नाही. तेव्हा पदार्थ कोणता, गेटची दिशा कोणती आणि तापमान किती, हे न सांगता कोणतेही सरसकट विधान करू नये.

तापमानाचा मुद्दा आपल्याला लगेच उपयोगी पडेल. डीईएमई-टीएफएसआय सुमारे १८५ केल्व्हिनखाली काचेसारखा गोठतो. २३० ते २४० केल्व्हिनला त्यातील आयन अजून हलतात आणि द्विस्तर तयार होतो, पण रासायनिक क्रिया पुष्कळ मंदावतात. म्हणून अनेक गट याच तापमानाला गेट देतात. आपण तेथे गेट देऊन परिणाम अगदी कमी झाला असे पाहिलेत, तर खोलीच्या तापमानाला दिसणारा परिणाम रासायनिक असावा, असे म्हणता येईल. मात्र थंडीत आयनही संथ होतात, त्यामुळे द्विस्तर भरायला जास्त वेळ लागतो. गेट देऊन पुरेसे थांबले नाही, तर न भरलेल्या द्विस्तराला आपण ‘रसायन नाही’ असे नाव देऊन बसू. प्रवाहाचा झटका ओसरेपर्यंत थांबावे, मगच रोध वाचावा.

---

अंबाझरी_काठ

थंडीचा प्रयोग करायला द्रव-नायट्रोजनचा साधा क्रायोस्टॅट (नमुना थंड ठेवणारे पात्र) पुरेसा आहे, हीलियमची गरज नाही. मात्र कक्ष उघडण्याआधी नमुना खोलीच्या तापमानाला आणावा. नाहीतर पावसाळ्यात थंड द्रवावर दव पडते आणि सुकवण्याची सारी मेहनत वाया जाते.

आपल्याकडच्या साधनांबद्दल. क्ष-किरण विवर्तनात सफायरवरील व्हॅनेडियम डायऑक्साइडचे शिखर ४० अंशांच्या जरासे अलीकडे दिसते आणि सफायरचे स्वतःचे शिखर ४१.७ अंशांजवळ. ऑक्सिजन गेला किंवा हायड्रोजन आला, तरी जाळी साधारणपणे फुगते आणि शिखर लहान कोनाकडे सरकते. अडचण अशी की २० नॅनोमीटरच्या थराचे शिखर मुळातच सुमारे ०.४ अंश रुंद असते. लहानसे सरकणे त्यात हरवून जाते. सफायरचे शिखर आतला मापदंड म्हणून धरावे आणि दोन्ही मापने नमुना न हलवता घ्यावीत. रामनमध्ये कमी तापमानाच्या अवस्थेची १९५, २२४ आणि ६१३ प्रति सेंटीमीटरजवळची शिखरे धातू-अवस्थेत मावळतात, म्हणून रोध कायमचा घटलेल्या पट्टीत ती उरली आहेत का, हे पाहावे. त्यातून अवस्था कळते; ती ऑक्सिजनमुळे आली की प्रोटॉनमुळे, हे मात्र रामन सांगू शकत नाही, आणि विवर्तनही नाही.

सफायर निवडलेत, हे उत्तम केलेत. स्ट्राँशियम टायटनेट किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे सबस्ट्रेट आयनिक द्रवाखाली स्वतःच ऑक्सिजन गमावून वाहू लागतात, आणि मग रोध थराचा घटला की खालच्या स्फटिकाचा, हे वेगळे करणे फार कठीण होते.

---

पातळ_थर

मी तीन वायूंचा प्रयोग आणि २४० केल्व्हिनचा प्रयोग आधी करते. मार्गदर्शकांशीही बोलले, प्रभाराचा हिशेब त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो स्वतः पुन्हा करून पाहिला आणि प्रकरणाचे शीर्षक मोजमाप होईपर्यंत मोकळे ठेवू या, असे म्हणाले. एकच विचारायचे आहे. ऑक्सिजन की प्रोटॉन हे कायमचे ठरवण्यासाठी बाहेर मापन करायचे झाले, तर नागपूरहून सोयीचे ठिकाण कोणते आणि नमुना कसा न्यावा?

---

सक्करदरा_विद्युत्_रसायन

आपल्याला इंदूर सर्वांत जवळचे. तेथील यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांचे) केंद्र विद्यापीठांतील संशोधकांसाठीच आहे, आणि राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर मृदू क्ष-किरण शोषणाची सोय आहे. व्हॅनेडियमची शोषणाची कड (ज्या ऊर्जेला शोषण एकाएकी वाढते ती जागा) ५१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ आणि ऑक्सिजनची ५३० च्या आसपास असल्यामुळे एकाच मापनात दोन्ही मिळतात. व्हॅनेडियमची संयुजा चारवरून तीनकडे किती झुकली, हे त्यावरून कळेल. पण सावध राहावे : ऑक्सिजन गेला तरी आणि प्रोटॉन आला तरी संयुजा घटतेच. म्हणून याच्या जोडीला दुय्यम आयनांच्या वस्तुमान-वर्णपटाने खोलीनुसार हायड्रोजन मोजावा लागेल. गेट देताना द्रवात साध्या पाण्याऐवजी थोडे जड पाणी मुद्दाम मिसळलेली एक पट्टी वेगळी तयार करावी. त्या पट्टीत ड्यूटेरियम सापडला, तर तो द्रवातूनच आला, हवेतील ओलाव्यातून किंवा धुण्यातून नव्हे, हे निर्विवाद ठरते.

नमुना नेताना आयनिक द्रव आयसोप्रोपेनॉलने धुवावा, धुण्याआधी आणि नंतर रोध मोजून लिहून ठेवावा, आणि निर्वात डबीत किंवा कोरड्या नायट्रोजनमध्ये बंद करावा. शोषणाच्या मापनाला किरणाचा ठिपका पट्टीवर पूर्ण बसायला हवा, तेव्हा त्यासाठीचे नमुने काही मिलिमीटर बाजूचे घ्यावेत. गेटचा पत्राही त्या मानाने वाढवावा लागेल. त्याच थरातून कापलेली, द्रव लावलेली पण गेट न दिलेली पट्टी सोबत न्यावी, आणि द्रवही न लागलेली आणखी एक. या दोन्ही पट्ट्या नसतील, तर गेट दिलेल्या पट्टीच्या वर्णपटाची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न परीक्षक सर्वांत आधी विचारतील. किरणवेळेचा (सिंक्रोट्रॉनवर मापनासाठी मिळणाऱ्या वेळेचा) अर्ज करताना वायूंच्या प्रयोगाचे आलेख जोडावेत, कारण घरचे काम पूर्ण झाल्याचे त्यातून दिसते.